खुलासा: स्पार्कचा 'ओव्हरराइट' फक्त आजचा डेटा बदलत नाही

अपाचे स्पार्क या मोठ्या डेटावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा लिहिताना ओव्हरराइट (जुनं पुसून नवं लिहिणं) मोड दिला की फक्त त्या तारखेचं पार्टिशन, म्हणजे त्या तारखेच्या डेटाचं वेगळं फोल्डर, बदलतं, बाकीचं शाबूत राहतं, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कुणाचा तरी वर्षभराचा डेटा जाऊ शकतो. मुळातलं सेटिंग 'स्टॅटिक' असतं, म्हणजे ओव्हरराइट आधीचं सगळंच पुसतं. पार्के (डेटा साठवायचा एक फाइल-प्रकार) फाइल्सच्या फोल्डरवर एकट्या 15 तारखेचा डेटा लिहिलात, तरी 1 ते 14 तारखांची फोल्डरंही पुसली जातात. नेमकं तेवढंच पार्टिशन बदलायचं तर 2.3 आवृत्तीपासून 'डायनॅमिक' पर्याय आहे, पण तो आपण स्वतः लावावा लागतो. अपेंड (आहे त्यात भर घालणारा मोड) काहीच पुसत नाही; मात्र जॉब (डेटा लिहिणारा प्रोग्राम) दोनदा चालला की त्याच ओळी दोनदा. मोड दिलाच नाही, तर आधीचं आउटपुट दिसताच स्पार्क एरर देऊन थांबतं. नवख्यांनी तेच राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.