चर्चिल, क्लेमेंटाइन आणि अण्णांचा डबा

काल कट्ट्यावर परत चर्चिल निघाला आणि नऊ कधी वाजून गेले कुणाला कळलंच नाही.

अण्णांनी कुठून तरी ती चर्चिलवरची फिल्म 'इनटू द स्टॉर्म' मिळवून बघितली होती, २००९ची, ब्रेंडन ग्लीसनवाली. साडेसातला हातात स्टीलचा डबा घेऊनच आले, डबा कट्ट्याखाली सरकवला, आणि आम्ही चहा सांगायच्या आत चर्चिलचं ते भाषण, बीचवर लढू, शेतात लढू, डोंगरावर लढू चालू. अण्णा सिगार ओढत नाहीत, बीपी आहे, म्हणून क्रीमरोल बोटांत धरून भाषण. पिंट्या म्हणाला अण्णा, आधी खाऊन घ्या, मग लढा.

"माणूस बघा!" अण्णा म्हणाले. "अख्खा युरोप हिटलरच्या घशात गेलेला आणि हा गडी एकटा उभा. पण घरात सुख नाही हो बिचाऱ्याला. बायको सारखी धुसफुसत असते."

"बिचाऱ्याला?" बाई म्हणाल्या.

आमच्या बाई म्हणजे इतिहासाच्या बाई, कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांनी आठवीत पट्टी मारलीय. संध्याकाळचं फिरणं झालं की दहा मिनिटं थांबतात. काल दीड तास थांबल्या.

"अण्णा, ती धुसफुसत नव्हती, ती सांगत होती. जून १९४०. फ्रान्सने तहावर सही करून पाच दिवस झालेत. आणि ही क्लेमेंटाइन नवऱ्याला पत्र लिहिते की तुमच्याच माणसांपैकी एकजण मला येऊन सांगून गेला, तुमचं बोलणं इतकं टोचरं आणि दांडगाईचं झालंय की हाताखालचे सगळे तुमचा तिटकारा करायला लागतील. आणि मलाही दिसतंय, तुम्ही पूर्वीसारखे मायाळू राहिला नाहीत. एकदा लिहिलं, फाडलं, परत लिहून दिलं. खाली सहीजवळ मांजराचं चित्र. त्या वेळी पंतप्रधानाला हे सांगायची छाती किती जणांची होती?"

अण्णा गप्प. मग म्हणाले, "पण लेखी कशाला? एका घरात राहतात ना?"

"कारण तोंडी सांगितलेलं त्याच्या कानात शिरत नसे. एका छताखाली राहून ती दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायची. बोलायला लागला की तो थांबायचाच नाही." बाईंनी हे म्हणताना अण्णांकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

मला स्वतःला ही सिरीयल, सिनेमा जे काय असेल ते, बघताना हेच खटकलं होतं. ग्लीसन जबरदस्त आहे, एमी पुरस्कार मिळाला तो योग्यच, आणि क्लेमेंटाइन झालेली जॅनेट मॅकटीअर तर गप्प बसूनही बोलते. पण १९४५च्या जुलैत फ्रान्सच्या किनाऱ्यावर निवडणुकीच्या निकालाची वाट बघत बसलेला तो म्हातारा आणि शेजारी ही, हे बघता बघता आपण नकळत म्हणायला लागतो की थोर माणूस आहे, बायकोने सोसायचंच. सोसलं हा शब्दच मला तिच्यासाठी चुकीचा वाटतो. १९३४च्या डिसेंबरात ती चक्क चार महिने बोटीवरून ईस्ट इंडीजला निघून गेली होती, हा इकडे घरी विटा रचत बसलेला. येताना बालीहून एक कबुतर घेऊन आली.

"घरी म्हणजे चार्टवेलला," बाई म्हणाल्या. "ते घर कसं घेतलं माहितीये? १९२२ साली. तिला पसंत नव्हतं, खर्च झेपणार नाही म्हणत होती, आणि धाकटी मुलगी व्हायच्या सुमारास यांनी तिला पत्ता लागू न देता सौदा करून टाकला. ते तिने शेवटपर्यंत मनातून माफ केलं नाही."

इथे पिंट्याला राहवलं नाही. "म्हणजे शिरूरचा प्लॉट!"

मग काय, अर्धा तास शिरूरचा प्लॉट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अण्णांनी काकूंना न विचारता पीएफमधून घेतलेली अडीच गुंठे, जिथे अजून रस्ता नाही, पाणी नाही, एनए नाही, एक बाभूळ आहे. अण्णा म्हणाले भाव वाढणारे. पिंट्या म्हणाला बाभळीचा का? अण्णांनी मग पिंट्याची दोन वर्षांची गणपतीची वर्गणी काढली, पिंट्याने अण्णांनी नेलेली शिडी काढली, आणि चर्चिल राहिला बाजूला.

बाईंनी आणला परत. पण वेगळ्याच रस्त्याने.

"हा माणूस इथे येऊन गेलाय हं. १८९६. मुंबईला ससून डॉकच्या पायऱ्यांवर बोटीतून उतरताना लोखंडी कडी धरली, बोट हलली, उजवा खांदा निखळला, तो जन्मभर दुखत राहिला. तिथून पुण्याच्या कॅम्पात, मग बंगलोर. तेव्हा बावीसही पूर्ण नव्हती. आपला देश म्हणजे त्याच्या डोक्यात तोच राहिला, पोलो आणि नोकरचाकर. आणि १९४३ मध्ये?" त्यांनी हात केला रस्त्यापलीकडे. आमच्या चौकातून आगाखान पॅलेसची झाडं दिसतात. "तिथे गांधी कैदेत, एकवीस दिवस उपाशी. आणि हा लंडनहून व्हाइसरॉयला विचारतोय की त्यांच्या पाण्यात ग्लुकोज घालतात का."

अण्णा म्हणाले, "बाई, नवराबायकोच्या गोष्टीत गांधी आणि बंगाल कशाला आणायचा?"

"मी अजून बंगाल म्हटलंही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात."

कट्टा शांत झाला. चहावाल्याने पातेलं घासायचं थांबवलं.

"बंगालच्या दुष्काळात तीसेक लाख माणसं मेली अण्णा. धान्याची जहाजं द्या म्हणून इथून तारांवर तारा जात होत्या, आणि त्याच्या भारतमंत्र्यानेच, अॅमरीने, डायरीत लिहून ठेवलंय की याच्या आणि हिटलरच्या विचारात मला फार फरक दिसत नाही. मंत्र्याने! घरी तिरसट, मनाने हळवा, असं दाखवलं की माणूस गोड वाटायला लागतो. तिरसटपणा बायकोपुरता होता का? तिने १९४०ला जे ओळखलं तेच १९४३ला आपल्याला भोगावं लागलं. फक्त तिला मांजर काढून पत्र देता आलं, बंगालला नाही."

मी अण्णांच्या बाजूने एक सांगायला गेलो, की लग्नाचं म्हणाल तर गांधींचंही कुठे सरळ होतं.

"नव्हतंच," बाई म्हणाल्या. "दक्षिण आफ्रिकेत डर्बनला भांडं साफ करण्यावरून बांना, कस्तुरबांना, हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं होतं. पण हे आपल्याला कुणी सांगितलं? त्यांनीच. छापून. स्वतःची लाज स्वतः मांडली. आणि चर्चिल? १९३० साली तरुणपणच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याचा शेवट काय, तर १९०८च्या सप्टेंबरात मी लग्न केलं आणि पुढे सुखाने नांदलो. संपलं पुस्तक!"

"सुखाने नांदलो," पिंट्या म्हणाला. "एका ओळीत."

गेल्या २२ फेब्रुवारीला, बांच्या पुण्यतिथीला, मी आगाखान पॅलेसमध्ये आत गेलो होतो. मागच्या बाजूला झाडांत दोन समाध्या आहेत, गांधींचे सचिव महादेवभाई देसाईंची आणि बांची, शेजारी शेजारी. बांच्या समाधीवर कुणीतरी मोगऱ्याचा एवढासा गजरा ठेवला होता, केसात माळतात तसला, दोऱ्याची गाठ सैल झालेली. साठ वर्षांचा संसार, आणि शेवट नवऱ्याबरोबर कैदेत, १९४४. हे मी काल बोललो नाही कारण घसा भरून आला असता, म्हणून इथे लिहितोय. बांवर असा सिनेमा कुणीतरी काढावा, ज्यात त्या भांडतील, नाही म्हणतील, आणि तरी बरोबर जातील. मला तो बघायचाय.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडेही चिठ्ठ्याच चालतात. प्लॉटपासून." आणि शर्टाच्या खिशातून चौकोनी घडी काढली.

बाईंनी चष्मा वर करून वर्गात वाचतात तशी मोठ्याने वाचली. "दळण आणणे. गिरणी साडेआठला बंद होते. कट्ट्यावर थांबू नये."

पिंट्याने कट्ट्याखालून डबा ओढला आणि झाकण उघडलं. आत गहू. आम्ही पलीकडे बघितलं तर गिरणीचं शटर केव्हाच खाली. चहावालासुद्धा खांबाला धरून हसत होता, आणि अण्णा, युरोप वाचवणारे अण्णा, डबा छातीशी धरून उभे.

"चला माझ्याकडे," बाई म्हणाल्या, "पीठ देते सकाळपुरतं. पण काकूंना खरं काय ते सांगायचं."

"काय सांगू?"

पिंट्याने चिठ्ठी उलटी करून पेन पुढे केलं. "मागच्या बाजूला लिहा अण्णा. सुखाने नांदलो."