काका भारावले

माझ्या मेहुण्यांनी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या एकोणीस सेकंदांच्या चित्रफितीत मी दिसतो, परंतु तिच्यात मी एक शब्दही बोलत नाही. मी फक्त मान डोलावतो. माझ्या हनुवटीखाली पिवळ्या ठळक अक्षरांत ‘दशावतार पाहून काका भारावले!’ असे लिहिलेले आहे आणि त्या अक्षरांशेजारी अश्रू ढाळणारे दोन गोल चेहरे बसवलेले आहेत. चित्रपटगृहाच्या दारात माइक घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुणाला मी चांगली चार मिनिटे, पूर्ण वाक्यांत आणि उदाहरणांसह माझे मत सांगितले होते. त्यातले त्याने काहीही घेतले नाही. ती मानसुद्धा चित्रपटासाठी डोललेली नाही. प्रसाधनगृहाकडून येणाऱ्या पत्नीने लांबूनच ‘गाडी काढा’ अशी खूण केली होती आणि तिला मी होकार देत होतो.

मी काय म्हणालो होतो ते आता इथेच सांगतो, कारण घरात ते ऐकायला कोणी तयार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी कलावंत उभा केला आहे, आणि प्रदर्शनाच्या वेळी ८१ वर्षांच्या असलेल्या या नटाने त्यात जे काम केले आहे त्याविषयी हात आखडता घेऊन बोलणे कृतघ्नपणाचे ठरेल. ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ असे दशावतारी कलावंताविषयी कोकणात म्हणतात. रात्रभर देवळासमोर राजाच्या तोऱ्यात वावरायचे आणि उजाडल्यावर पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरायची, हा सगळा इतिहास प्रभावळकरांच्या नुसत्या चालण्यातून कळतो. बापाने आता हे थांबवावे म्हणून जीव तोडून सांगणारा मुलगा आणि ते कानावर न घेणारा बाप यांचा पूर्वार्ध मला अतिशय आवडला. उत्तरार्धात मात्र कथा सुडाच्या वाटेला लागते आणि गावच्या डोंगरावर खाण आणू पाहणारी माणसे इतकी एकरंगी दुष्ट होतात की डोंगर नेमका कसा विकला जातो, हा अधिक भीतिदायक प्रश्न मागेच राहतो. सिंधुदुर्गातल्या कळणे गावच्या लोकांनी खाणीविरुद्ध प्रत्यक्षात लढा दिलेला आहे. तिथे समोर उभी राहते ती केवळ गुंडांची टोळी नसते; तिथे सातबारा असतो, जनसुनावणी असते आणि आपल्याच वाडीतला कंत्राटदार असतो.

मी ‘जनसुनावणी’पर्यंत पोहोचलो तेव्हा त्या तरुणाने माइक किंचित खाली घेतला.

‘काका, रडू आलं का?’ त्याने विचारले.

‘एका प्रसंगात गहिवरून आले, परंतु पार्श्वसंगीताने मला तसे करण्याची आज्ञा अगोदरच दिलेली होती.’

‘म्हणजे आलं ना?’

‘तुम्ही माझे वाक्य पूर्ण ऐकावे.’

‘काका, पाचपैकी किती स्टार?’

पूर्वार्धाला वेगळे आणि उत्तरार्धाला वेगळे गुण देता येतील का, अशी मी पृच्छा करीत असतानाच माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला, त्याने माइक आपल्याकडे वळवून घेतला आणि त्या हाताचे मालक बोलू लागले. साठीचे गृहस्थ, चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, एका हातात मिक्सरच्या भांड्याची पिशवी. त्यांनी घसासुद्धा खाकरला नाही.

‘अप्रतिम! शब्दच नाहीत! प्रभावळकरांनी या वयात जे करून दाखवलंय त्याला तोड नाही. कॅमेऱ्याने कोकण काय टिपलंय! संगीत काळजाला भिडतं. शेवटची वीस मिनिटं खुर्चीला खिळून बसलो होतो. मुलाबाळांना घेऊन सहकुटुंब पाहा. आणि मराठी माणसाने मराठी सिनेमा थिएटरमध्ये जाऊन पाहिलाच पाहिजे. पैसा वसूल! पाचपैकी साडेचार!’

तरुणाच्या चेहऱ्यावर कृतार्थतेची छटा पसरली. त्याने दोघांचेही आभार मानले, पण माझे मानताना तो गृहस्थांकडे पाहत होता. तो गेल्यावर मी गृहस्थांना, केवळ सौजन्याने, ते कोणत्या रांगेत बसले होते असे विचारले.

‘मी आत गेलोच नव्हतो,’ ते म्हणाले.

‘म्हणजे आपण आधी कधी पाहिला?’

‘छे हो. मिसेस खाली पडद्यांचं कापड बघतायत. दीड तास झाला. इथे वर बसायला बाक आहे आणि एसीही बरा लागतो.’

‘परंतु शेवटची वीस मिनिटे आपण खुर्चीला खिळून...’

‘साहेब, शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येक सिनेमात काहीतरी होतंच की. पहिल्या वीस मिनिटांबद्दल बोललो असतो तर फसलो असतो. आणि पोस्टरवर झाडी आहे, पाणी आहे, म्हणजे कोकण टिपलेलं असणारच. नाहीये का?’

टिपलेले होते आणि उत्तम टिपलेले होते. मला तसे कबूल करावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही.

‘तुमचं काय होतं माहीत आहे का,’ भांड्याची पिशवी मांडीवर घेऊन ते समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, ‘तुम्ही बघून येता. बघितलेला माणूस अडखळतो. हे चांगलं, ते तसं, मधेच सातबारा. इतकं बोललात, पण बघायचा की नाही ते त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही. मी बघत नाही, म्हणून मला स्पष्ट बोलता येतं.’

हा त्यांचा पहिलाच प्रयोग नव्हता. ऋषिकेश गुप्ते यांचा ‘जारण’ जूनमध्ये लागला होता, तेव्हा ते याच इमारतीत दाताच्या डॉक्टरांकडे आले होते. अर्धा जबडा बधिर असताना त्यांच्यापुढे असाच माइक आला आणि ते कसेबसे ‘अंगावर काटा आला’ एवढेच बोलू शकले. तोंड एका बाजूला ओढले गेल्यामुळे ते मनस्वी घाबरलेले दिसले, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या चित्रफितीला हजारो लोकांनी पसंती दिली. मी ‘जारण’ तिकीट काढून पाहिला होता. बाहेरच्या करणीपेक्षा माणसाच्या मनातली भीती किती चिवट असते हे अमृता सुभाष यांनी ज्या बारकाव्याने दाखवले आहे, त्याबद्दल मला आजही सलग दोन परिच्छेद बोलता येतील, आणि धक्का देण्याच्या हौसेने त्या भीतीला शेवटी थोडे उणे केले आहे यावर तिसरा. बधिर जबड्यापुढे या तीन परिच्छेदांना काय किंमत आहे, हे मला त्या बाकावर बसून कळले.

‘शेवट दुःखी आहे का हो यात?’ उठता उठता त्यांनी विचारले. ‘संध्याकाळच्या खेळालाही ते पोरगं येणार आहे, म्हणून विचारतो.’

मी सांगितले नाही. तेवढा सूड माझ्याही उत्तरार्धात बसतो.

चित्रफीत गटावर आली तेव्हा तिच्यात त्यांचे सबंध भाषण होते आणि भाषणाच्या टाळीच्या जागी माझी मान जोडलेली होती. मी त्या तरुणाच्या चॅनेलला संदेश पाठवून माझ्या मतातले एखादे तरी वाक्य घ्यावे असे कळवले. त्यावर उत्तर आले की, तक्रारीचा सूर लावलेल्या प्रतिक्रिया टाकल्या की खाली लोक ‘मराठीच मराठीचे पाय ओढतात’ असे लिहितात आणि पुढच्या प्रीमियरचे निमंत्रणही येत नाही. हे उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच ते मला अधिक झोंबले. मराठी चित्रपटाविषयी मत व्यक्त करणे आणि पूरग्रस्त निधीला वर्गणी देणे यांत आपण आता काहीच अंतर ठेवलेले नाही. वर्गणी देणाऱ्याने रक्कम सांगून बाजूला व्हायचे असते.

पाठिंब्याची गरज का पडते हे मला समजत नाही असे नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊच्या मोक्याच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याचे जाहीर केले, त्यावर गदारोळ झाला आणि मग मोक्याची वेळच दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंद करण्यात आली. कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता जो मराठी माणूस मोकळा असतो, त्याची बायको बहुधा पडद्यांचे कापड पाहत असते. मात्र खेळ मिळत नाहीत हे दुःख खरे आहे म्हणून मिळालेल्या प्रत्येक खेळातून डोळे पुसतच बाहेर यावे, हे मला मान्य नाही. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळवून आला आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे लागला, तेव्हा त्याच्या दारात माझ्यापुढे कोणीही माइक धरला नाही. विदर्भातल्या गावात कापूस पिकवणाऱ्या बापाची शिकणारी मुलगी, तिला पाहायला येणारे पाहुणे आणि त्यांचे तेच ते प्रश्न. सुरुवातीलाच बायका बसून नवऱ्या मुलाची उंची आणि छंद विचारतात तो उलटा प्रसंग इतका नेमका आहे की प्रेक्षागृहातले काही पुरुष हसण्याऐवजी पाय जवळ घेऊन बसले. मधला भाग थोडा रेंगाळतो, पण पाहण्याचा कार्यक्रमही रेंगाळतोच, त्यामुळे मी ती तक्रार मागे घेतलेली आहे. याउलट शिवराज वायचळ यांच्या ‘आता थांबायचं नाय’मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कर्मचारी रात्रशाळेत बसून दहावीची तयारी करतात, तिथे मी मनापासून गुंतलो. भरत जाधव यांना इतके कमी हातवारे करताना पाहणे हेच एक सुख होते. परंतु प्रत्येक चांगल्या क्षणानंतर तो चांगला क्षण होता हे कळवणारे सूर वाजू लागले की, दहावी मी उत्तीर्ण आहे, असे ओरडून सांगावेसे वाटते.

या चित्रफितीचे घरात जे परिणाम झाले ते निराळेच. मेहुण्यांच्या सौभाग्यवतींनी ‘भावजींना इतकं हळवं झालेलं कधीच पाहिलं नव्हतं’ असे लिहिले, आणि माझ्या मानेवर विश्वास ठेवून मेहुणे रविवारी घरातल्या सर्वांना घेऊन ‘दशावतार’ला गेले. रात्री त्यांचा दूरध्वनी आला. प्रभावळकर थोर आहेत, परंतु उत्तरार्धात गडबड आहे आणि खलनायक फारच ढोबळ वाटतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे मी अगोदरच सांगितले होते, असे मी म्हणालो. ‘कुठे सांगितलंत? तुम्ही तर मान डोलावत होतात,’ ते म्हणाले, आणि पाच तिकिटे, पॉपकॉर्न व पार्किंग यांचा हिशेब त्यांनी मला विनाकारण ऐकवला.

मी विषय बदलून त्यांना रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहण्याचा आग्रह केला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुंबईचा तरुण, लग्नाच्या चौकशा करणारे नातलग, त्याला ओळखून असलेली आई आणि बालपणीचा मित्र. दोन पुरुषांमधले प्रेम असा आवाज न चढवता दाखवलेले मी मराठी पडद्यावर पाहिले नव्हते. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ मध्ये जागतिक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आहे. कुठे रडायचे हे कोणी सांगत नाही, त्यामुळे मी माझ्या सोयीने रडलो, आणि काही ठिकाणी कॅमेरा जरा जास्तच वेळ थांबतो असे वाटले तेही मी मेहुण्यांना प्रामाणिकपणे सांगितले.

मेहुण्यांनी सर्व ऐकून घेतले.

‘ते ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘पण मिक्सरचं भांडं घेतलेले ते गृहस्थ काय म्हणतात त्याच्याबद्दल?’