मागून येणारा आवाज

परवा दत्तजयंतीच्या सप्ताहात महाराजांनी माझ्यासाठी कीर्तन थांबवलं. असा मान आमच्या गावात आजवर फक्त आमदारांना मिळालाय. मी हरभऱ्याच्या रानाची पाळी घालून ट्रॅक्टरवर घरी निघालो होतो. रस्ता मंडपाला घासून जातो, त्याला माझा इलाज नाही. निरूपण ऐन रंगात आलेलं. महाराज थांबले, हात वर करून टाळकऱ्यांना गप्प केलं आणि माइकवर म्हणाले, "थांबा माउली, आधी यांचा अभंग होऊ द्या."

चारशे माणूस हसलं. बायकांत आमचीही बसली होती. तीही हसली, आणि हे तिनंच घरी येऊन सांगितलं, परत हसत. मी घाईघाईनं गिअर टाकला, तर ट्रॅक्टरनं मागून आधीच्या दुप्पट सूर काढला. महाराजांनी नुसतं मंडपाकडं बघितलं. दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता.

ट्रॅक्टर १९८६ सालचा. नंबरात एमएच नाही. ती पद्धत १९८९ मध्ये आली. वडिलांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. एकोणचाळीस वर्षांनी आवाज आला म्हणून कंपनीला बोल लावायला मला तोंड नाही. आवाज मात्र दिवाळीपासून होता. ओढीला घुंऽऽऽ, वळणाला कडकड. क्लच दाबून नुसता उतारावर सोडला तरी घरघर चालूच, म्हणजे इंजिनाकडं काही दोष नाही, जे काय आहे ते मागच्या अंगात. गावानं ऑईल, बेरिंग आणि नजर अशी तिन्ही निदानं केली. नजरेवर लिंबू बांधून झालं. लिंबाचा आवाजावर काही परिणाम झाला नाही. तेच आधी वाळून बैलाच्या कातड्यासारखं झालं.

हरभऱ्याचा पेरा लांबला होता, पण कीर्तनानंतर मला गावातून ट्रॅक्टर न्यायची लाज वाटायला लागली. म्हणून सकाळी उजाडायच्या आत बार्शीच्या रस्त्याला लागलो.

गॅरेजवर मिस्तरींनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला. मग एक चाक हातानं पुढं फिरवलं. पलीकडचं चाक आपोआप उलटं फिरलं. मिस्तरी म्हणाले, ते तसंच फिरायला पाहिजे. मला नवल वाटलं नाही. बांधावरनं आमची भावकी गेली तीस वर्षं अशीच फिरते, फक्त तिला कुणी ऑईल घालत नाही.

मग ते चाकाखाली आडवे झाले, लांब पेचकस हौसिंगला टेकवून मूठ कानाला लावली, पोराला चाक फिरवायला लावलं आणि डोळे मिटले. जरा वेळानं खालूनच निकाल दिला.

"मालक, डिप्रेशन गेलंय."

आता हे सांगायला हवं की शहाणी माणसं ज्याला डिफरन्शियल म्हणतात त्याला आमचे मिस्तरी डिप्रेशन म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला पडतो, आतल्याला कमी, म्हणून दोघांना आपापल्या चालीनं फिरू देणारं ते गिअरांचं गाठोडं. १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं, असं मी तिथंच बसून मोबाइलवर वाचलं. आपल्या जिनसेचं बार्शीत काय नाव होईल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

पण हे सगळं मला ठाऊक. दारात एक पिग्मी एजंट उभा होता, त्याला नव्हतं. गळ्यात मशिन, खिशात दोन पेनं, गॅरेजचे रोजचे बचतीचे शंभर न्यायला आलेला.

"गेलं ना?" तो मला म्हणाला. "मग पेढं द्यायचं सोडून तोंड का पाडून बसलाय? आमच्या मेव्हण्याचं सहा वर्षं जाईना."

मी अर्धवट हसलो. मला वाटलं, मेव्हण्याचाही ट्रॅक्टर असेल.

"कवापास्नं हुतं?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीतच धरतंय. मेव्हण्याला बी दिवाळीतच धरलं. सगळी आनंदात असत्यात आन् आपल्याला आवाज यायला लागत्यात. तुम्हाला येतो का आवाज?"

"येतो म्हणजे काय! मागून येतो. घुंऽऽ असा."

त्यानं माझ्या पाठीमागच्या भिंतीकडं बघितलं. भिंतीवर टायरची जाहिरात होती.

"आत्ता येतोय?"

"आत्ता कसा येईल? लोड आल्यावर येतो."

"लोडच वाईट," तो हळू आवाजात म्हणाला. "घरच्यांना म्हाईत हाय?"

"घरच्यांना? अख्ख्या गावाला ऐकू येतो. परवा महाराजांनी कीर्तन थांबवलं."

यावर त्यानं गळ्यातलं मशिन काढून स्टुलावर ठेवलं. वसुलीच्या वेळेला पिग्मीवाल्यानं मशिन खाली ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढून तो माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"पाव्हणं, एकटं रानात जाऊ नगा. आन् विहिरीकडं तर आजिबात न्हाई."

मी काही बोलणार तोच चाकाखालून मिस्तरींचा आवाज आला. "सगळं खोलायला लागंल मालक. दात बघतो, मंग सांगतो. पर एक हाय, बदलायचं तर जोडीनं बदलायचं. एकटं नवं घातलं तर जुन्याशी जमत न्हाई, चार दिवसांत परत बोंबलतंय."

एजंट बराच वेळ गप्प राहिला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "वहिनींना इचारलं का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याला ओढत चाकापाशी नेलं, आतलं गाठोडं कुठं असतं ते बोटानं दाखवलं, क्राऊन आणि पिनियन ही दोन गिअरं एकमेकांना घासून जुळवलेली असतात, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो, म्हणून ती जोडीनं विकतात, हे सांगितलं. फ्रेंच घड्याळजीही सांगितला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल," तो म्हणाला. "पर तुमचं तोंड बघून मला पटलं का न्हाई?"

या वाक्याचा राग मला अजून आहे. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. सप्टेंबरच्या पावसात माझा निम्मा दाणा काळा पडला, आणि उरलेला व्यापाऱ्यानं मुठीत दाबून, दाताखाली चावून, ओल जास्त आहे म्हणत चार हजार शंभरनं नेला. तेव्हा कुणी माइक हातात घेऊन थांबा म्हणालं नाही. नांगरट भाड्यानं करून घ्यावी म्हटलं तर पन्नास एचपीवाली पोरं गाणी लावून येतात, एकराचे पैसे आधी मोजून घेतात आणि बांधाकडेचं हातभर रान तसंच सोडून जातात. नवा घ्यायचा तर मुलाला पुण्यात शिकवायचं की ट्रॅक्टरला इथं, एवढंच ठरवायचं असतं. म्हणून हा जुना. म्हणून घुंऽऽ.

असो. दुपारी खालचा बूच काढला. जुन्या घमेल्यात काळं ऑईल उतरलं आणि त्यावर चमकी तरंगली, लग्नातल्या रुखवतावर असते तशी. मिस्तरींनी ते बोटांत चोळून मला दाखवलं. तळातला गाळ चाळला, तर तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा निघाला, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं नुकताच मोडलेला आणि पांढरा. पिनियनच्या दाताचा. एजंटानं तो तळहातावर घेऊन उन्हात धरला आणि "मेव्हण्याचं आसं काय दिसत न्हाई बगा बाहेरनं," एवढंच म्हणाला. त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

क्राऊन-पिनियनची जोडी, दोन बेरिंगं, ऑईलची बादली आणि मजुरी मिळून चोवीस हजार सहाशे. मिस्तरींनी दातांना निळा रंग लावून फिरवलं, रंग कुठं पुसला जातो ते बघून दोन पत्त्या काढल्या, एक घातली, परत फिरवलं. असं दोन दिवस चाललं. मेव्हणा आता पंढरपूरला रसवंती चालवतो आणि गोळी चुकवत नाही, हे मला या दोन दिवसांत कळलं. मी पिग्मी काढली, हे सांगायला नकोच. रोजचे पन्नास. आमच्या गावात त्याची आणखी सात गिऱ्हाइकं निघाली, त्यामुळं सुटकेचा मार्गही नव्हता.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन मुद्दाम देवळावरून आलो. सप्ताह उठला होता, मंडपाचे बांबू गाडीत भरणं चाललं होतं. मागून चकार शब्द नाही. वर मान करून कुणी बघितलंसुद्धा नाही. आवाज होता तेव्हा चारशे जण, आणि चोवीस हजार सहाशे घालून बंद केला तर बांबूवाल्यांनाही त्याचं काही नाही!

आणि देवळाच्या पुढच्या वळणावर मला मडगार्डची खडखड ऐकू आली. ती दहा वर्षांची जुनी असणार. इतके दिवस घुंऽऽच्या खाली दबून गेली होती. मडगार्डच्या मागं लिफ्टचं एक काहीतरी टकटकत होतं, आणि त्याच्याही मागं सीटची स्प्रिंग.

एजंट रोज संध्याकाळी सहाला येतो. हटकून पहिला प्रश्न, "काय, आवाज?" काल आला तेव्हा मी मडगार्डखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबत होतो.

"परत?" त्यानं काळजीनं विचारलं.

"नाही. हा वेगळा."

त्यानं मशिनचं बटण दाबून पन्नासची पावती फाडली, माझ्या हातात दिली आणि थोडा घुटमळला.

"मंग उद्यापास्नं शंभरची करायची का?"