गोविंदफळाची नखं

आषाढी एकादशीचा उपवास घरात सगळेच करतात. तो सोडवायची जबाबदारी मात्र माझ्यावर. द्वादशीला वाघाट्याची भाजी पानात पडल्याशिवाय उपवास सुटत नाही, यावर आई ठाम. आणि मंडईतली वाघाटी तिला चालत नाहीत. "ती जून असतात रे. टेकडीवर कोवळी मिळतील."

मिळतात ना. प्रश्न हातात येण्याचा आहे.

घरात या फळाला गोविंदफळ म्हणतात. किती सोज्वळ नाव! ज्यानं ठेवलं त्यानं ते थेट नैवेद्याच्या ताटातच पाहिलं असणार. वाघाटी हे नाव झुडपापर्यंत गेलेल्याचं. संस्कृतात तर सरळ व्याघ्रनखी. ते पंडित नक्की स्वतः तोडायला गेले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1762 मध्ये तिला कॅपॅरिस झेलॅनिका म्हटलं, म्हणजे सिलोनची. काट्यांचा उल्लेखच नाही. स्वीडनमध्ये बसून बारसं केलं की असंच होणार.

पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते, टोकं मागं वळलेली. हात आत घालताना काटे अवाक्षर काढत नाहीत. फळ मुठीत आलं, हात मागं घेतला, की बाही धरतात. वेलीला वर चढायला आधार हवा असतो. तो झाडाचा की माझ्या सदऱ्याचा, हा भेद ती करत नाही. बाही सोडवायला दुसरा हात पुढं केला की तोही तिचाच. मग विजार. याच काट्यांमधून फुलपाखरांच्या अळ्या आरामात पानं कुरतडत फिरत असतात, ते पाहून तर फार जीव जळतो.

मेंढरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "हिसडा मारू नका, पाव्हणं. पुढं सरका, मंग सुटंल."

म्हणजे सुटायचं तर आणखी आत शिरायचं! पण म्हातारा बरोबर होता. आत सरकलं की आकडा ढिला पडतो. आजोबा तंबाखू मळत शेवटपर्यंत उभे राहिले. मदतीला की करमणुकीला, विचारलं नाही.

द्वादशीला आईनं फळं चिरून, बिया काढून, उकडून भाजी केली. तरी कडूच. सगळ्यांनी भक्तिभावानं एकेक फोड तोंडात टाकली आणि वरणभाताकडे वळले. उरलेली वाटी आईनं माझ्या पानात उपडी केली.

"एवढ्या लांबून आणलीस, तूच खा."