सख्याराजेंच्या नावाच्या दोन जागा

परवा पुण्याहून मामेभाऊ सहकुटुंब आमच्याकडे ग्वाल्हेरला आला होता. किल्ला झाला, शिंद्यांचा जयविलास राजवाडा झाला, जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघून पुतणी तिथून हलेना. रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, शिवपुरी म्हणजे तुमचं महाबळेश्वरच ना?" मी बिनदिक्कत हो म्हटलं. आम्ही लष्करकर, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी माणसं, पाहुण्यांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय. सकाळी गाडीत बसल्यावर मात्र वाटलं, ही शुद्ध थाप आहे.

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर, शिवपुरी साडेचारशेच्या आसपास. आग्रा-मुंबई रस्त्यानं एकशेदहा-पंधरा किलोमीटर जायचं आणि एवढंच चढायचं. एवढ्या उंचीनं पारा उतरून उतरणार किती? फार तर दीड अंश. मे महिन्यात तो दीड अंश लू कुठल्या कुठे उडवून नेते. तरीही शिंदे सरकारची उन्हाळी राजधानी इथंच असायची. १८९९ मध्ये ग्वाल्हेरहून शिवपुरीपर्यंत दोन फुटी छोटी लाइन आली, आणि उन्हाळा लागला की दरबार, दफ्तरं, कारकून सगळे इकडे. त्या लाइनीचा शिवपुरीचा फाटा कधीच उखडला. श्योपूरची गाडी तेवढी २०२० पर्यंत रखडत रखडत चालली.

मग इथला गारवा आला कुठून? माझं सरळ मत आहे : तो बांधलेला आहे. खडकाळ पठार, भोवती खैर, सालई, धावडा, करधई. (करधई हे अजब झाड. पाऊस पडायचीही वाट बघत नाही, हवेत नुसता ओलावा आला की हिरवं व्हायला लागतं. आषाढाच्या तोंडाशी एकदा जाऊन बघा.) या जंगलाच्या कुशीत ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी मनियर नदी अडवली आणि १९१८ मध्ये सख्यासागर उभा राहिला. गावात त्याला चांदपाठा म्हणतात. जोडीला माधवसागर. काठावर नावांची सोय, शिकारीची मचाणं, पाण्यात मगरी. वरच्या टेकडीवर जॉर्ज कॅसल, तो मात्र तलावाच्या आधीचा, १९११ चा. पंचम जॉर्ज शिकारीला येऊन एक रात्र राहणार म्हणून बांधला. तिथला वाटाड्या आम्हाला रंगवून सांगत होता की बादशहाला वाघ वाटेतच मिळाला आणि तो इथं राहिलाच नाही. एका रात्रीसाठी वाडा, आणि ती रात्रही आली नाही! महाराजांची राजभक्ती एवढी की मुलांच्या नावांतही जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे. याच गावात १८ एप्रिल १८५९ ला तात्या टोप्यांना फाशी झाली, तेव्हा गावाचं नाव सिप्री होतं. येवल्यात जन्मलेल्या त्या माणसाच्या पुतळ्यापाशी आम्ही मराठी पर्यटक दोन मिनिटं थांबतो आणि छत्रीवर, म्हणजे शिंद्यांच्या स्मारकावर, दोन तास घालवतो. मीही त्यातलाच.

तर छत्री. सख्याराजे म्हणजे माधवरावांच्या मातोश्री. त्यांची छत्री एका बाजूला, मधे कुंड, आणि समोर मुलाची, पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडांचं जडावकाम केलेली. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले, पण छत्री आईच्या समोरच. मूर्तींचे पोशाख रोज बदलतात, संध्याकाळी त्यांच्यापुढे गाणं होतं. वहिनी हरखून गेल्या. "किती निगुतीनं ठेवलंय हो!" खरंच ठेवलंय.

त्याआधी दुपारी आम्ही चांदपाठ्यावर गेलो होतो. तोही सख्याराजेंच्याच नावाचा. एका कोपऱ्यात जलकुंभीचा, म्हणजे आपल्या जलपर्णीचा, हिरवागार गालिचा, इतका दाट की पुतणीनं विचारलं, "काका, यावर चालता येतं?" आणि वाऱ्याबरोबर तो वास. शहराचे नाले जाधव सागर या दुसऱ्या तळ्यात उतरतात आणि तिथून घाण इथं येते, हे शिवपुरीत कुणालाही विचारा. जलकुंभी उपसतात, ती परत येते. येणारच, तिला खत घरपोच मिळतंय. २०२२ मध्ये या तलावाचं नाव रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं, जवळजवळ २४८ हेक्टर. पेढे वाटावेत अशीच गोष्ट. पण यादीत नाव गेल्यानं नाला थांबत नाही.

आता म्हणे वाघ. २०२३ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ परत आणले, २०२५ मध्ये तो देशातला ५८ वा व्याघ्र प्रकल्प झाला. मला आनंदच आहे, त्या जंगलात वाघ नसणं बोचायचं. पण लगेच रिसॉर्टांच्या गप्पा सुरू झाल्या आहेत, आणि प्रत्येक रिसॉर्टची मोरी कुठंतरी निघणारच ना? आधी सांडपाण्याची सोय, मग खोल्या. हा क्रम उलटा झाला तर लोक जिप्सीतून वाघ बघतील आणि तलावापाशी काचा वर करतील.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींचाही यात दोष आहे. शिंदेशाहीचं नाव निघालं की आपण छत्री, वाडा, पगडी, पैठणी यांवर तासभर बोलतो. त्या राज्यानं बांधलेल्या बंधाऱ्यांवर, तळ्यांवर कुणी अवाक्षर काढत नाही. संगमरवराला पोशाख घालायला माणूस नेमलेला आहे.

डिसेंबरात नागपूरचे पाहुणे येणार आहेत. त्यांना आधी चांदपाठ्यावर नेणार, जलकुंभीच्या त्याच कोपऱ्यावर. छत्री नंतर, वेळ उरला तर.