जादूचं बिल कोण भरतं? २०२४ च्या फँटसी कादंबऱ्यांबद्दल

फँटसी कादंबरी हातात घेतली की नकाशा, वंशावळी, तलवारींची नावं हे सगळं नंतर बघावं. आधी एक गोष्ट तपासायची: इथे जादू होते तेव्हा तिचं बिल कोण भरतं? बिलच येत नसेल, तर लेखक कोपऱ्यात सापडला की नवी शक्ती काढणार हे शंभर-दीडशे पानांत कळून चुकतं, आणि पुढचं पुस्तक नुसतं ओढायचं राहतं.

२०२४ मध्ये इंग्रजीत आलेल्या ज्या फँटसी कादंबऱ्या मला मनापासून आवडल्या, त्यांत हे बिल जवळजवळ प्रत्येक वेळी माणसाच्या शरीराच्या नावावर फाटलं आहे. लेखकांनी ठरवून असं केलं असेल असं नाही, पण एकामागून एक वाचताना ते फार ठळक दिसतं. मांडणी समजण्यापुरतं जेवढं सांगावं लागेल तेवढंच सांगतो, शेवट कुठलाच फोडत नाही.

सगळ्यात वर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘द टेन्टेड कप’. विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा ह्यूगो पुरस्कार हिलाच मिळाला, आणि या खेपेला पुरस्कार देणाऱ्यांशी भांडायचं कारण नाही. वरवर ही खुनाची गोष्ट आहे. एका श्रीमंत घराण्याच्या बंगल्यात मुक्कामाला आलेला लष्करी अभियंता मरतो, तो शरीरातून झाड उगवून. मांसातून फुटलेली फांदी थेट छताला भिडलेली. तपासाला येतो डिनिओस कोल हा उमेदवारी करणारा पोरगा, आणि खरी डोकेबाज त्याची वरिष्ठ अॅना डोलाब्रा. ती घराबाहेर पडायला नाखूश, डोळ्यांवर पट्टी बांधून बसणारी, कारण जगातला तपशील तिला झेपण्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे होम्स-वॉटसनची जुनीच जोडी. पण त्या जोडीखालचं यंत्र नवं आहे.

डिन हा ‘एन्ग्रेव्हर’ आहे. त्याच्या मेंदूत फेरफार करून त्याला काहीच विसरता येणार नाही अशी व्यवस्था केलेली. त्यासाठी त्याच्या पिशवीत वेगवेगळ्या वासांच्या कुप्या असतात. घटनास्थळी पाहताना एक कुपी हुंगायची. पुढे तीच कुपी पुन्हा हुंगली की ते दृश्य जसंच्या तसं उलगडतं. यातली गंमत अशी, की ही सोय लेखकाच्याच हातापायात बेड्या घालते. डिननं जे पाहिलं ते सगळं वाचकालाही दिसलेलं असतं, त्यामुळे धागा लपवायचा तर तो उघड्यावरच लपवावा लागतो. पहिल्याच प्रकरणांत बंगल्यातली हवा थंड ठेवणारं एक मशरूम कोमेजलेलं दिसतं, घराचे काही कागदी दरवाजे नवे दिसतात. आपण ते सजावट समजून पुढे जातो. ते सजावट नसतं.

आणि मागे साम्राज्य. दर पावसाळ्यात पूर्वेच्या समुद्रातून महाकाय प्राणी वर येतात आणि किनाऱ्यावरच्या भिंतींना धडका देतात. भिंत पडली तर आतलं सगळं गेलं. त्यामुळे इथली मानाची माणसं म्हणजे भिंत बांधणारे, डागडुजी करणारे, साठा मोजणारे. एकामागून एक गोलाकार भिंती, सगळ्यात आतल्या वर्तुळात सुरक्षित श्रीमंत, बाहेरच्या पट्ट्यात चिखल आणि भीती. निकृष्ट बांधकाम, दडवलेले अहवाल, बड्या घराण्यांना सांभाळून घेणारे अधिकारी. मान्सूनच्या तोंडावर पुलांची पाहणी कशी होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे साम्राज्य परकं वाटणार नाही.

उणं काय? डिनचं प्रेमप्रकरण घाईत उरकलंय. शेवटचा उलगडाही खोलीत सगळ्यांना बसवून बोलण्यातून होतो, तो थोडा लांबतो. पण या मालिकेचं दुसरं पुस्तक, ‘अ ड्रॉप ऑफ करप्शन’, एप्रिल २०२५ मध्ये आलं, तेही हातचं सोडू नका. तिथे आपण साम्राज्याच्या टोकाला जातो, जिथे मेलेल्या महाकाय प्राण्यांची चिरफाड करून त्यांच्या रक्तातली शक्ती काढली जाते. पहिल्या पुस्तकातल्या सगळ्या सुखसोयींचा कच्चा माल कुठून येतो हे तिथे कळतं. क्रम पाळाच. खून वेगळा असला तरी अॅना कोण हे हळूहळू उघडत जातं.

‘द विंग्ज अपॉन हर बॅक’ ही समॅन्था मिल्स यांची पहिली कादंबरी. ‘रॅबिट टेस्ट’ या कथेसाठी त्यांना आधी नेब्युला (याच क्षेत्रातला दुसरा मोठा पुरस्कार) आणि ह्यूगो दोन्ही मिळाले होते, पण या कादंबरीची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. राडेझ्दा नावाच्या शहरावर पाच देव झोपलेले आहेत आणि खाली त्यांचे पाच पंथ एकमेकांच्या उरावर बसलेत. योद्ध्यांच्या पंथात शरीरात यांत्रिक पंख बसवतात. नायिका झेमोलाई सव्वीस वर्षं ते पंख वागवते, मग एका गरीब कामगारावर दया दाखवल्याबद्दल ते काढून घेतले जातात. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण पंखांना सोकावलेलं शरीर त्यांच्याशिवाय धड उभं राहत नाही.

दोन काळ आलटून पालटून चालतात: तरुण झेन्या त्या पंथात भक्तिभावानं शिरते आहे, आणि प्रौढ झेमोलाई त्यातून बाहेर फेकली गेली आहे. ही रचना बहुतेकांच्या हातून फसते, कारण एक काळ नेहमी दुसऱ्यापेक्षा रंजक असतो. इथे ती चालते, कारण झेन्या ज्या गोष्टीवर खूश होते तिची किंमत आपण आधीच्याच प्रकरणात पाहिलेली असते. गुरू आणि हुकूमशहा एकाच माणसात कसे राहतात, लाडानं दिलेली शाबासकी कशी वेसण होते, याचं एवढं नेमकं चित्र मी दुसऱ्या फँटसीत क्वचित पाहिलंय. बंडखोरांची टोळी मात्र पुसट राहिली आहे. त्यांची नावं लक्षात राहत नाहीत.

तिसरी टी. किंगफिशर यांची ‘अ सॉर्सरेस कम्स टु कॉल’. हे अर्सुला व्हर्नन यांचं टोपणनाव. ग्रिम बंधूंच्या हंस राखणाऱ्या राजकन्येच्या गोष्टीवर बेतलेली, पण उलटी करून. मूळ गोष्टीत फालाडा हा बोलणारा भला घोडा; इथे तो पाहिला की अंगावर काटा येतो. चौदा वर्षांच्या कॉर्डेलियाच्या घरात कुठलंच दार लावायची परवानगी नाही. आई इव्हॅन्जेलिनला वाटलं की ती मुलीला ‘आज्ञाधारक’ करते: मुलीचे हातपाय, जीभ, हसणं सगळं आईच्या मर्जीनं चालतं आणि मुलगी आत बसून बघत राहते. पहिली वीस पानं वाचताना खरोखर श्वास अडकतो.

इथलं अर्थकारण मला भारी आवडलं. एवढी ताकद असलेली बाई, पण जादूनं पैसा तयार होत नाही. आणि तिच्या समाजात बाईला पैशाकडे जाणारी वाट एकच, लग्न. म्हणून ती एका साध्यासुध्या जमीनदाराच्या घरी पाहुणी म्हणून येऊन बसते. तिला अडवायला उभी कोण, तर त्याची एक्कावन्न वर्षांची, गुडघा दुखणारी बहीण हेस्टर आणि तिच्या पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणी. फँटसीत पन्नाशीच्या बायका एक तर चेटकिणी असतात नाही तर स्वयंपाकीण. इथे पुस्तकाचा निम्मा भार हेस्टर उचलते. मध्यंतरी ग्रंथालयात उपाय शोधण्याचा भाग रेंगाळतो. पण पुस्तक आटोपशीर आहे, दोन-तीन रात्रींत संपतं. फँटसी कधीच न वाचलेल्या माणसाच्या हातात द्यायला या यादीतलं हेच. मात्र आईच्या धाकात वाढलेल्या वाचकाला आधी कल्पना द्या.

जॉन विस्वेल यांच्या ‘समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन’ ला नेब्युला मिळाला. नायिका शेशेशेन ही राक्षसीण. तिला स्वतःचा असा आकार नाही. सापडतील ती हाडं, धातूचे तुकडे, शिकाऱ्यांचा सापळा आत घेऊन ती आपलं शरीर रचते. तिच्या जातीत जिच्यावर प्रेम करावं तिच्याच देहात अंडी घालायची, पिल्लं त्या देहावर वाढतात. आणि ती प्रेमात पडते होमिली या माणसाच्या मुलीच्या, जिचं घराणं तिलाच मारायला निघालंय. पहिला अर्धा भाग विलक्षण मजेचा आहे. राक्षसाच्या नजरेतून माणसांचे शिष्टाचार बघताना हसू आवरत नाही. उत्तरार्धात मात्र होमिलीच्या घरचे लोक एकरंगी दुष्ट होतात आणि संवादांत समुपदेशन केंद्राची भाषा शिरते. सगळे एकमेकांना आपल्या जखमा नीट वाक्यांत समजावून सांगू लागतात. मला नेब्युला थोडा सढळ हातानं दिलेला वाटला, पण वाचा जरूर.

हीच समुपदेशनाची भाषा ब्रँडन सँडरसन यांच्या ‘विंड अँड ट्रुथ’ला जास्त महागात पडली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेचं हे पाचवं पुस्तक, तेराशेहून जास्त पानांचं. दहा दिवसांची मुदत, एका भागात एक दिवस, अशी आखणी. योजना उत्तम. पण एका बाजूला वेढा घातलेल्या शहरात माणसं मरताहेत, आणि दुसऱ्या बाजूला पात्रं दिव्यदृष्टीतून हजारो वर्षांचा इतिहास बघत हिंडताहेत. घड्याळ चालू ठेवून इतिहासाचा तास घेतला की दोन्हीची रया जाते. थेरपिस्ट हा शब्दसुद्धा सरळ येतो, आणि ती जागा कितीही जिव्हाळ्यानं लिहिली असली तरी दगडी युद्धभूमीवर तो खटकतो.

याचं वाईट जास्त वाटतं, कारण २०१० च्या पहिल्या पुस्तकात जादूचा जमाखर्च किती चोख होता! वादळात भारलेली रत्नं हाच दिवा, हेच चलन आणि हेच इंधन. साठा संपला की उडणारा योद्धा खाली पडणार. पाचव्यापर्यंत हा हिशोब सैलावलाय आणि नव्या शपथेबरोबर नवी ताकद मिळत जाते. तरी अझिमीर शहर लढवणाऱ्या अॅडोलिनचा धागा सुरेख आहे, आणि तो का, तर त्याच्याकडे शक्ती नाहीत, मोजकी माणसं आहेत आणि शरीर थकतं. आधीची चार पुस्तकं वाचलेली नसतील तर इथून मुळीच सुरुवात करू नका. ‘एजडान्सर’ आणि ‘डॉनशार्ड’ ही मधली छोटी पुस्तकंही वगळू नका, नाही तर काही पात्रं आकाशातून पडल्यासारखी वाटतील. ऑडिओबुक घेणार असाल तर साठ तासांहून जास्त वेळ लागतो, ही नोंद असू द्या.

ताशा सुरी यांची ‘द लोटस एम्पायर’ आपल्या वाचकांना सगळ्यात जवळची वाटावी. परिजातद्वीप नावाचं साम्राज्य, यक्ष, देवळाचे ज्येष्ठ, साडीचुनरी हे सगळं इथे घरचं आहे, तळटीप लागत नाही. अहिरण्य प्रांतात एक सड पसरलीय, माणसाच्या कातडीतून पानं-फुलं उगवतात. त्याच वर्षी बेनेट यांच्या पुस्तकातही शरीरातून झाड फुटतं, पण तिथे तो पुरावा आहे आणि इथे शाप, की देवांचं पुनरागमन, हा प्रश्न. अमर्त्य पाण्यातून एकदा, दोनदा, तीनदा पार होणाऱ्याची शक्ती वाढते आणि आतलं माणूसपण पोखरत जातं. दुसऱ्या बाजूला स्त्रियांच्या अग्निदाहावर उभं राहिलेलं राजघराणं. सतीची चित्रं पाहिलेल्या वाचकाला ते जाळणं किती पवित्र शब्दांत सांगितलं जातं हे पटकन ओळखू येईल. ही त्रयीतली शेवटची. ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१) आणि ‘द ओलिअँडर सोर्ड’ (२०२२) आधी. दोष एकच पण मोठा: प्रिया आणि मालिनी या दोन नायिकांना लेखिकेनं फार वेळ दूर ठेवलंय, आणि त्या समोरासमोर नसल्या की पुस्तकातली वीज जाते.

लेव्ह ग्रॉसमन यांची ‘द ब्राइट सोर्ड’ ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाची, पण आर्थर मेल्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू होणारी. स्कॉटलंडच्या मल बेटावरून आलेला कॉलम हा पोरगा शूरवीर व्हायला कॅमलॉटला, म्हणजे आर्थरच्या राजधानीत पोचतो, तर तिथे उरलीत दुय्यम फळीतली मूठभर माणसं. मूळ कथानक साधारण आहे. मधूनमधून येणारी या एकेकाची पूर्वकथा हीच पुस्तकाची मिळकत. बगदादहून आलेल्या पॅलोमिडीसचं प्रकरण पहिल्या नंबरचं. बगदाद ७६२ मध्ये वसलं, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या आर्थरच्या काळाशी मेळ बसत नाही, पण ही कथाच शतकानुशतकं असल्या विसंगतींवर पोसलेली आहे. साडेसहाशेच्या वर पानं आहेत. मध्यावर शोधयात्रा रेंगाळली तर पूर्वकथांची प्रकरणं सलग वाचून परत या, काही बिघडत नाही.

केली लिंक यांची ‘द बुक ऑफ लव्ह’ वातावरणासाठी वाचावी. मेलेली तीन मुलं शाळेच्या संगीत शिक्षकासमोर परत उभी राहतात, इथपर्यंत झकास. पण जादू कशानं अडते हे उमगायला फार पानं जातात आणि शेवटी सगळे हवं ते काहीही करू शकतात. लिंक यांच्या लघुकथा याहून कितीतरी सरस आहेत.

राहिली श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांची ‘रेक्सफॉल’. इथे माझी कसोटी लागूच पडत नाही, आणि तरी पुस्तक मनातून जात नाही. दोन जीव जन्मोजन्मी वेगवेगळ्या नावांनी भेटत, मरत, मारत राहतात. सुरुवातीला दूरदर्शन मालिका बघणारी मेलेली मुलं, पुढे लोककथा, नाटक, पार भविष्यातली पृथ्वी. पुनर्जन्म आणि कथेतली कथा यांची सवय असलेल्या, वेताळपंचविशीवर वाढलेल्या वाचकाला पाश्चात्त्य वाचकापेक्षा ही कमी अवघड जाईल. पण एक करा: कोण कुणाचा कितवा जन्म याचा तक्ता मांडत बसू नका. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्ट म्हणून वाचा, एका बैठकीत एकच. ई-बुकचा फुकट नमुना आधी उतरवून घ्या. त्यातलं पहिलं प्रकरण भावलं नाही तर पुढचं भावणार नाही, तिथेच थांबा आणि ते पैसे किंगफिशरवर घाला.