अंपायर्स कॉल भारताविरुद्धचा कट? मामा, जरा ऐका

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर 'आयसीसीचा पर्दाफाश' टाकला. आयसीसी म्हणजे जगातलं क्रिकेट चालवणारी संस्था. त्यात चार मुद्दे: अंपायर्स कॉल भारताला हरवायला काढलाय, बॉल ट्रॅकिंगची (बॉल पुढं कुठं गेला असता ते टीव्हीवर दाखवणारी) रेघ ऑपरेटर हवी तशी वळवतो, आयसीसीत आपलं कोण ऐकत नाही आणि अंपायर सगळे विकलेले.

एरवी सोडून दिलं असतं. पण माझा भाचा, वय १९, दर रविवारी मिरजेकडं टेनिस बॉलच्या मॅचला अंपायर म्हणून उभा राहतो. गेल्या रविवारी एका रनआऊटवरून पोरांनी त्याची कॉलर धरली, 'तुम्ही सगळे विकलेलेच' म्हणत. घरी आला तेव्हा शर्टाची वरची दोन बटणं नव्हती. हा शब्द पोरांच्या तोंडात कुठनं आला, मामा?

आता अंपायर्स कॉल. एकच बॉल, अंपायरनं दिला तर आऊट नाहीतर नॉटआऊट, म्हणून फसवणूक म्हणे. अहो, बॉल पॅडवर आदळून थांबला, पुढची रेघ हा मशीनचा अंदाज आहे! म्हणून अर्ध्याहून कमी बॉल स्टंपला लागताना दिसला तर मैदानावरचा निर्णय राहतो, हाच अंपायर्स कॉल, बॅटिंग कुणाची का असेना. हा नियम २०२१ मध्ये तपासून कायम ठेवला तो आयसीसीच्या क्रिकेट कमिटीनं, आणि अध्यक्ष कोण, तर अनिल कुंबळे. कोटलावर एका डावात दहाच्या दहा विकेट काढणारा माणूस भारताला आणि बॉलरला बुडवायला बसला होता का? कारणही त्यांनी स्पष्ट सांगितलंय, डीआरएस, म्हणजे अंपायरचा निर्णय टीव्हीवर तपासून घ्यायची सोय, ढळढळीत चुका सुधारायला आहे आणि ट्रॅकिंगमध्ये अंदाज असतो. अंपायर्स कॉल आला तर २०१७ पासून संघाचा रिव्ह्यूसुद्धा (निर्णय तपासून मागायची मोजकी संधी) जात नाही, हे त्या मेसेजमध्ये कुठंय?

आणि भारताविरुद्ध कसलं? २००८ च्या श्रीलंका दौऱ्यात डीआरएसची पहिली चाचणी झाली, त्यानंतर २०१६ पर्यंत आपल्याच बोर्डाला ते नको होतं.

ऑपरेटरचं म्हणाल तर २०११ च्या वर्ल्ड कपची पाकिस्तानविरुद्धची मोहालीची सेमीफायनल आठवा. सचिन २३ वर एलबीडब्ल्यू (बॉल पायावर लागून आऊट) दिला होता, ट्रॅकिंगनं वाचवला, पुढं ८५ केले. त्यांचा बॉलर सईद अजमल अजून म्हणतो तो आऊटच होता. तिकडं हाच संशय आपल्यावर घेतात.

आयसीसीत आपलं ऐकत नाहीत हे तर उलटंच आहे. आयसीसीचे प्रमुख शरद पवार झाले, श्रीनिवासन झाले, शशांक मनोहर झाले, डिसेंबर २०२४ पासून जय शहा. आयसीसीच्या कमाईच्या २०२४ ते २७ च्या वाटपात ३८.५ टक्के एकट्या बीसीसीआयला.

एक मान्य करतो, करावंच लागतं. अंपायरिंग खराब होतं, कधी फारच. २००८ च्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स ३० वर स्पष्ट आऊट होता, दिला नाही, नाबाद १६२ करून गेला. मीही तेव्हा टीव्हीसमोर ओरडलोय. पण ती चूक होती, लिलाव नव्हता. आणि त्या सिरीजला डीआरएस नव्हतंच.

मेसेज ग्रुपवरनं काढा, मामा. येत्या रविवारी भाचा परत उभा राहणार आहे, बटणं लावून दिलीत आईनं.